"माझं केस गळणं खरंच थांबलं गं!": पेड रील्सवर विश्वास ठेवायचा का?

इन्फ्लुएन्सरवर विश्वास ठेवायचा का असा विषय निघाला की गाडी लगेच "सगळे पैसे घेऊन खोटं बोलतात" या स्टेशनवर येऊन थांबते. मला तो मुद्दा फारसा कामाचा वाटत नाही. खोटं बोलणारे आहेतच, पण बरेच जण अगदी मनापासून बोलत असतात आणि खरी पंचाईत तिथेच आहे. समोरची बाई शंभर टक्के प्रामाणिक आहे असं धरून चाला, तरी पैसे घेऊन तिने केलेल्या शिफारशीत आपल्या उपयोगाचं किती असतं? ते वस्तूवर अवलंबून आहे. पण गोळ्या, गमीज (चघळून खायच्या जेलीसारख्या गोळ्या), पावडरी, सिरम यांच्या बाबतीत उत्तर जवळजवळ शून्य येतं, का ते सांगते.

केसांचंच घेऊ, कारण सध्या दर तिसरं रील त्याच्यावर असतं.

समजा एक नवीन आई आहे, बाळ चार महिन्यांचं, आंघोळ केली की जाळीवर केसांचा पुंजका, उशीवर केस, बाळाच्या मुठीत केस. ती घाबरते, आणि नेमक्या त्याच वेळी एका ब्रँडचा मेसेज येतो की आमच्या बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) गमीज पाठवतो, तीन महिने खाऊन बघा आणि रील करा. ती खरंच खाते आणि तीन महिन्यांनी खरंच गळणं थांबतं, ती खरंच खूश होऊन कॅमेऱ्यासमोर सांगते की माझा विश्वासच बसत नाहीये. यात एक अक्षर खोटं नाही!

आता शरीरात काय झालं ते बघा. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले 85 ते 90 टक्के वाढत असतात आणि बाकीचे विश्रांतीत जाऊन गळायच्या रांगेत उभे असतात, त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस जाणं नॉर्मल. गरोदरपणात इस्ट्रोजेन जास्त असतं म्हणून गळायचे केससुद्धा टिकून राहतात (तेव्हा सगळे म्हणतात काय सुंदर केस झालेत), डिलिव्हरीनंतर ते हॉर्मोन खाली येतं आणि ही सगळी थकबाकी एकदम विश्रांतीत जाते, मग दोन-चार महिन्यांनी गळायला लागते. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, लग्नाआधीचं क्रॅश डाएट, यानंतरही हेच होतं. आणि बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत ते आपलं आपण थांबतं, बाळंतिणीचं साधारण बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत.

म्हणजे गमीज खाल्ल्या नसत्या तरी बहुधा तेच झालं असतं. पण तिला हे कळणार कसं? गमीज न खाणारी तिची दुसरी आवृत्ती शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत नाही ना.

शिवाय आपण उपाय कधी शोधतो ते बघा, त्रास अगदी टोकाला गेला की. पिंपल्स सगळ्यात वाईट असतात त्या आठवड्यात आपण फेसवॉश मागवतो, कंबर सगळ्यात जास्त दुखते त्या दिवशी पट्टा मागवतो. टोकाला गेलेली गोष्ट बऱ्याचदा आपोआप थोडी खाली येते, याला संख्याशास्त्रात रिग्रेशन टू द मीन म्हणतात, म्हणजे सरासरीकडे परत येणं. श्रेय मात्र त्या वेळी हातात जी बाटली असेल ती घेऊन जाते. नव्या औषधाच्या चाचणीत एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण रिकामी गोळी देतात ते याच कारणासाठी, लोक खोटारडे असतात म्हणून नाही.

आता न दिसणाऱ्या रील्सचा विचार करा. समजा कंपनीने शंभर जणींना बॉक्स पाठवला, दहा जणींना आवडला, बाकीच्यांना काही फरक पडला नाही किंवा पोट बिघडलं. त्या नव्वद जणी काय करतात? बहुतेक काहीच नाही. पुढच्या कामाचा प्रश्न असतो, उगाच वाकडेपणा कोण घेणार, आणि पेड कामात तर व्हिडिओ टाकायच्या आधी ब्रँडला दाखवून अप्रूव्हल घ्यायची पद्धत आहे. आपल्या फीडमध्ये येतात त्या दहाच आणि दहाच्या दहा खूश! एकीनेही खोटं न बोलता आपली मात्र पूर्ण दिशाभूल.

बरं, पैशाने प्रामाणिक माणसाचं मत बदलतं का? "मी पैसे घेते पण मत माझंच असतं" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय, आणि बोलणारीला ते मनापासून खरं वाटत असतं. 2010 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या संशोधकांचा एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून चित्रं दाखवली, चित्राशेजारी एखाद्या कंपनीचा लोगो. आधी सांगून ठेवलेलं की तुमच्या आजच्या सहभागाचे पैसे अमुक कंपनीने दिलेत. त्या कंपनीचा चित्रांशी काही संबंध नाही, चित्रं चांगली म्हटल्याबद्दल जास्तीचे पैसेही नाहीत, तरी पैसे देणाऱ्या कंपनीचा लोगो ज्यांच्या शेजारी होता ती चित्रं लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूत आवडीनिवडीशी संबंधित भागातही तसाच फरक दिसला. म्हणजे हे नुसतं तोंडदेखलं कौतुक नव्हतं.

डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 2,79,669 डॉक्टरांची आकडेवारी होती. औषध कंपनीकडून एकदा, हो एकदाच, जेवण घेतलेले डॉक्टर त्या कंपनीचं ब्रँडेड औषध जास्त लिहून देताना दिसले, आणि त्या जेवणाची सरासरी किंमत 20 डॉलरपेक्षा कमी. हा नुसता संबंध आहे, जेवणामुळेच झालं असं सिद्ध होत नाही हे मान्य, पण इतकी वर्षं शिकलेल्या लोकांची ही गत तर फुकट आलेल्या हॅम्परसमोर बसलेल्या पंचवीस वर्षांच्या पोरीकडून आपण तटस्थपणाची अपेक्षा का करतोय?

आता आपली बाजू, ती पण काही फार स्वच्छ नाहीये. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल लिहिलं होतं की प्रेक्षकांना हा माणूस आपल्या ओळखीचा, आपला मित्र वाटायला लागतो, त्याला मात्र आपण माहीतही नसतो. या एकतर्फी नात्याला त्यांनी पॅरासोशल असं नाव दिलं. तेव्हा निवेदक सूट घालून स्टुडिओत असायचा, आता ती स्वतःच्या किचनमध्ये, केस न विंचरता, मागे कुकरची शिट्टी, सासूबाई मधेच डोकावून जातात, आणि रोज भेटते. आपल्या सख्ख्या मावशीपेक्षा जास्त वेळा भेटते. तिने सांगितलेलं आपण जाहिरात म्हणून ऐकतच नाही, ओळखीतल्या बाईने सांगितल्यासारखं ऐकतो. त्यात एकच ब्रँड एका आठवड्यात पाच जणी दाखवतात. 1977 च्या एका प्रयोगात तेच विधान दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ऐकवलं तर ते लोकांना जास्त खरं वाटायला लागतं असं दिसलं, विधान मुळात चूक असलं तरीही.

"पण आता पेड पार्टनरशिप लिहावंच लागतं ना?" हो, नियम आलेत. जाहिरात क्षेत्राचीच स्वयंनियमन संस्था असलेल्या आस्कीने जून 2021 पासून लेबल लावायला सांगितलं, जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मार्गदर्शिका काढली, त्यात फक्त पैसेच नाही तर फुकट वस्तू, डिस्काउंट, ट्रिप, हॉटेलचा मुक्काम सगळं धरलंय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इन्कम टॅक्सवाले तर त्याच्याही आधी जागे झाले, 1 जुलै 2022 पासून वर्षाला 20,000 च्या वर फुकट वस्तू देणाऱ्या कंपनीला त्यावर टीडीएस भरावा लागतो, इन्फ्लुएन्सरने वस्तू स्वतःकडे ठेवली तर तो लाभच धरतात. "अगं त्यांनी नुसतं गिफ्ट पाठवलंय" हे सरकारला पटलेलं नाही, आपल्याला का पटावं!

नियम किती पाळतात ते वेगळंच. युरोपियन कमिशनने 2024 च्या सुरुवातीला 576 इन्फ्लुएन्सर तपासल्याचं जाहीर केलं, 97 टक्के व्यावसायिक पोस्ट टाकत होते आणि तसं नेहमी सांगणारे पाचातले एक.

पण समजा लेबल आहे, मोठ्या अक्षरात आहे. मग आपण सेफ? इथे मला सगळ्यात आवडणारा प्रयोग आहे, केन, लोवेनस्टीन आणि मूर यांचा, 2005 चा. नाण्यांनी भरलेली बरणी, आत किती पैसे आहेत ते ओळखायचं. ओळखणाऱ्याला ती लांबून थोडाच वेळ दिसते, पण एक सल्लागार असतो ज्याने ती जवळून पाहिलीये. काही सल्लागारांना, ओळखणाऱ्याचा अंदाज बरोबर आला तर पैसे, काहींना अंदाज जितका जास्त तितके पैसे, म्हणजे यांना आकडा फुगवण्यात फायदा. सरळ सल्लागारांनी सरासरी साडेसोळा डॉलरच्या आसपास सांगितलं, स्वार्थ असलेल्यांनी 20 च्या आसपास, आणि ज्यांचा स्वार्थ समोरच्याला उघड सांगितला होता त्यांनी? 24 च्या आसपास! लेबल लागल्यावर आकडा अजून फुगला. एक तर त्यांना वाटलं असणार की समोरचा आता थोडं कमी करूनच धरणार, आणि दुसरं म्हणजे एकदा सांगून टाकलं की मन मोकळं, आता काही म्हटलं तरी चालतं. ऐकणाऱ्यांनी थोडं कमी केलं पण पुरेसं नाही, आणि नुकसान त्यांचंच झालं. म्हणून लेबल नको असं मी म्हणत नाहीये, लपवण्यापेक्षा ते हजारपट बरं, फक्त लेबल दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, "बघा किती प्रामाणिक, सांगून करते" हे तर अजिबात मनात आणू नका.

मग कुणाचंच ऐकायचं नाही का? असं नाही. अर्थशास्त्रज्ञ वस्तूंचे तीन प्रकार करतात ते मला इथे फार उपयोगी वाटतं. काही वस्तू नुसत्या बघून कळतात: साडीचा पोत, लिपस्टिकची शेड सावळ्या रंगावर कशी दिसते, बॅगेत डबा मावतो का. इथे पेड व्हिडिओसुद्धा कामाचा, कारण पुरावा आपल्याच डोळ्यासमोर आहे (फिल्टर नसेल तर). 2023 मध्ये बोर्नव्हिटामधल्या साखरेवरचा तो व्हिडिओ एवढा गाजला त्यातलं एक कारण मला हेच वाटतं, साखरेचा आकडा पाकिटावर छापलेला होता, कुणीही स्वयंपाकघरात जाऊन वाचू शकत होतं. काही वस्तू वापरून कळतात, मिक्सर, शूज, हॉटेल. तिथे निम्मा विश्वास ठेवा, आणि सहा महिन्यांनी तीच बाई तोच मिक्सर वापरताना दिसते का ते बघा.

तिसऱ्या प्रकारात गोष्ट वापरूनही कळत नाही. सप्लिमेंट, शेअरची टिप, फुल बॉडी चेकअप. फेब्रुवारी 2025 च्या एका अभ्यासाकडे बघा: इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवरच्या, निरोगी लोकांना विकल्या जाणाऱ्या वैद्यकीय टेस्टबद्दलच्या 982 पोस्ट, 87 टक्क्यांमध्ये फायदे सांगितलेले, तोटे फक्त 15 टक्क्यांमध्ये, आणि 68 टक्के खात्यांचा त्यात आर्थिक हितसंबंध. इथे माझा हिशोब सोपा आहे, पैसे घेऊन बोललेलं सरळ शून्य धरायचं, माणूस कितीही गोड असला तरी.

आणि शून्य म्हणजे "निदान नुकसान तरी नाही" असंही नाही. केसांच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये सेलेनियम नावाचं खनिज असतं, ते शरीराला चिमूटभरही नाही इतकं कमी लागतं आणि जास्त झालं की केसच जातात. 2008 मध्ये अमेरिकेत एका लिक्विड सप्लिमेंटमध्ये ते चुकून कितीतरी पट जास्त पडलं, 201 लोकांना बाधा झाली आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळले. आपल्याकडे डिसेंबर 2024 पासून बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये तीन-चार दिवसांत टक्कल पडायला लागलं तेव्हा सुरुवातीला पाणी, शॅम्पू, फंगस काय काय संशय घेतले गेले, मग रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं सापडलं आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. अशा वेळी कुणी आणखी सेलेनियम असलेली केसांची गोळी घेतली असती तर?

बायोटिनचं दुखणं अजून वेगळं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम लागतं, ते अंडी, शेंगदाणे, डाळी यातून मिळतं, आणि केसांच्या गोळ्यांमध्ये 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम असतं. इतकं बायोटिन काही रक्ततपासण्यांमध्ये लुडबुड करतं. थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, आणि हार्ट अटॅक ओळखायला जी ट्रोपोनिन टेस्ट करतात ती खोटी नॉर्मल येऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, 2017 मध्ये यावर इशारा दिला, त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता. तुम्ही अशा गमीज खात असाल तर रक्त द्यायला जाताना डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना आधी तसं सांगा, किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा. आणि केस गळायचे सहा महिन्यांनंतरही थांबत नसतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड एकदा बघून घ्या, आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी कॉमन आहे की पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं, आणि लोहाच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, डिस्काउंट कोड टाकावा लागत नाही.