श्रम आणि उद्योग : ख्रिस्ती दृष्टी

शेत नांगरणे, जाळे टाकणे, हिशेब लिहिणे, घर झाडणे अशी रोजची कामे देवाने माणसावर सोपवलेली आहेत आणि ती मन लावून करणे हाही उपासनेचा भाग आहे, ही ख्रिस्ती धारणा. विश्रांतीचा दिवस आणि वेळेवर मिळणारी मजुरी ही या धारणेची दुसरी बाजू. प्रवचनांत आळसावर जितके बोलले जाते तितके मजुरीवर बोलले जात नाही. बायबलमध्ये मात्र दोन्ही ठळकपणे येतात.

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो बागेची मशागत आणि राखण करायला. म्हणजे काम आधीचे, पाप नंतरचे. तिसऱ्या अध्यायात शाप येतो तेव्हा जमीन काटेकुसळे उगवू लागते आणि भाकर निढळाच्या घामाने मिळवावी लागते. काम हीच आदामाची शिक्षा, अशी समजूत ख्रिस्ती घरांतही ऐकू येते. ती या क्रमाशी जुळत नाही. नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे शिकायला पाठवले आहे. येशूला गावकरी सुतार म्हणून ओळखत. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू बनवत असे. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, हे त्याने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले वाक्य सगळ्यांत जास्त सांगितले जाते. सांगताना ‘इच्छा’ हा शब्द बहुधा गळतो, आणि मग ते बेकाराच्या तोंडावर मारले जाते.

बेकाराची बाजू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आहे. मुंबईकराला तो समजावून सांगावा लागत नाही. सकाळी नाक्यावर गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. कोणाच्या हातात ब्रश, कोणाच्या पिशवीत थापी आणि जेवणाचा डबा. मुकादम येतो, चारपाच जणांना घेऊन जातो. अकरा वाजले तरी उरलेले तिथेच. दाखल्यातला मळेवाला दिवस मावळायला तासभर उरला असताना बाजारात जातो आणि विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? उत्तर येते, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. तो त्यांनाही कामावर घेतो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. बायबलचे भाष्यकार हा दाखला देवाच्या कृपेविषयी आहे असे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण तासभरच काम मिळालेल्यालाही पोट दिवसभराचे असते, हे त्यातून वगळता येत नाही. लेवीयच्या पुस्तकात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका अशी आज्ञा आहे. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांच्या दिवसात प्रार्थनेबरोबर हातकाम घातले. रिकामपण आत्म्याचे वैरी, असे त्याने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत आहे. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने ‘पाचारण’ या शब्दाचा अर्थ रुंदावला. देव फक्त धर्मगुरूंना बोलावतो असे नाही, चांभार आणि मोलकरीणही आपापल्या कामात देवाची सेवा करतात, असे त्याचे म्हणणे होते. (मुंबईच्या कॅथलिक चर्चमध्ये आजही पाचारणासाठी प्रार्थना म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर होऊ घातलेले फादर आणि सिस्टरच येतात.) विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने प्रॉटेस्टंट शिस्तीचा भांडवलशाहीशी संबंध जोडला, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. कॅथलिक बाजूने पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात न्याय्य वेतन आणि कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामगार संत योसेफ, म्हणजे येशूचे सुतार वडील, यांचा सण ठरवला. त्यामुळे मुंबईत या तारखेला कामगार दिन, महाराष्ट्र दिन आणि सुताराचा सण एकत्र येतात.

मुंबईत प्रॉटेस्टंट कामशिस्त ठळकपणे दिसली ती छापखान्यात. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये इथे आले. मिशनच्या छापखान्यात छपाईचे खिळे (अक्षरांचे साचे) पाडण्यापासून जुळवणीपर्यंतची कामे शिकलेल्यांत पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजीही होते. धर्म त्यांनी बदलला नाही, हुन्नर मात्र घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी बायकांना हातकामे शिकवली, आणि त्यांनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई तिथल्या बायकांनीच केली.

सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, ही दहा आज्ञांतली एक. नोकरचाकर आणि जनावरेही तीत येतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती मात्र पाद्र्यांमुळे नव्हे, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, १८९० मध्ये. त्यांचा युक्तिवाद होता की रविवार हा खंडोबाचा वार. आजही घरकाम करणाऱ्या कितीतरी बायकांना तो वार मिळत नाही, आणि ज्या घरी त्या भांडी घासतात त्यांतली काही घरे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न चुकता जाणाऱ्यांची असतात.

कामाची फळे देवापुढे ठेवण्याची मुंबईतली सर्वांत जिवंत रीत म्हणजे ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा हा सुगीचा सण. हे उत्तर कोकणातले मूळचे मराठी भाषक कॅथलिक. शेतकरी, आगरी, कोळी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या बँडच्या तालावर मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. लुगडी नेसलेल्या बायका पुढे असतात. फादर लोंब्यांना आशीर्वाद देतात, मग त्या वाटल्या जातात. मिस्सेत भाकरीला भूमीचे आणि माणसाच्या हातांच्या कामाचे फळ म्हणतात, ते त्या दिवशी हातात धरता येते. गोराई, उत्तनकडे थोडी शेते उरली आहेत. साहार, मरोळ, कलिना इथली विमानतळ, कारखाने आणि इमारतींखाली गेली, तरी तिथल्या गावठाणांत सण थांबलेला नाही. लोंब्या बाहेरून आणतात. त्या घेऊन घरी जाणारे बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडून ऑफिस गाठणारे असतात.