डोळा मागे का जातो?

सुट्टी लागली की ‘मिनिटाला हजार शब्द वाचा’ अशा वर्गांच्या जाहिराती हटकून दिसू लागतात. त्यांचा पहिला धडा ठरलेला: वाचून झालेल्या शब्दांकडे पुन्हा बघायचं नाही. मोडू नये अशी सवय नेमकी हीच आहे.

वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत नाही, उड्या मारतो. वर्तमानपत्राच्या पानाला मधोमध पेन्सिलीने भोक पाडा, कुणाला तरी ते वाचायला सांगा आणि पलीकडून भोकातून त्याचं बुबुळ बघा. एका थांब्यावर डोळा साधारण 200 ते 250 मिलिसेकंद टेकतो. उडी 20 ते 40 मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात त्याला जवळजवळ काहीच टिपता येत नाही. अक्षरं स्पष्ट दिसतात ती फक्त पीतबिंदूच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या पिवळसर ठिपक्याच्या, मध्यावर पडलेली. हात लांब धरल्यावर अंगठ्याचं नख झाकेल एवढाच हा टापू. अख्खं पान एका नजरेत वाचणं त्यात बसत नाही. (‘मिडब्रेन’ म्हणजे मधला मेंदू जागा करतो म्हणणाऱ्या वर्गांतली, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलंही वाचतात डोळ्यांनीच, नाकाशेजारच्या फटीतून.)

इंग्रजी वाचकांच्या प्रयोगांत शंभरातल्या 10 ते 15 उड्या उलट्या दिशेने जाताना दिसल्या. काही नुसत्या नेम चुकल्यामुळे. बाकीच्या कशासाठी, ते या वाक्यात बघा: ‘निधी वेळेत मिळाला, कामही सुरू झालं, असं अहवालात कुठेही म्हटलेलं नाही.’ आपल्याकडे क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेपटाला. ‘नाही’ येईतो मेंदूने कामाचं चित्र रंगवून ठेवलेलं असतं. ते पुसायला डोळा ‘मिळाला’कडे परततो. शब्द ओळीत कुठे होता याची ढोबळ नोंद ठेवलेली असते, म्हणून सराईत वाचकाची ही उडी बरीचशी नेमकी पडते. 2014 मधल्या एका प्रयोगात वाचून झालेले शब्द पडद्यावर लगेच झाकले, तेव्हा आकलन घसरलं. गोंधळात टाकणाऱ्या वाक्यांचं आणि साध्या वाक्यांचंही.

‘आपण समजलो ते चुकलं असेल’ ही शंका डोळ्याला अशी हालचालीतूनच जमते. मोबाइलवर अंगठ्याने मजकूर सरकवला की शब्दाची जागाच हलते आणि ती नोंद निकामी होते. 54 अभ्यासांच्या 2018 मधल्या एकत्रित विश्लेषणात माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त समजला, वेळेची मर्यादा असताना तर अधिकच. गोष्टींच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. सरकवणं हे त्यामागचं एक कारण असावं.

घरी करून बघा. अग्रलेखाचे दोन सारख्या लांबीचे परिच्छेद घ्या. एक वाचताना झालेल्या ओळी पोस्टकार्डाने वरून झाकत चला, दुसरा उघडाच ठेवा. कार्ड ओळीच्या खाली धरलंत तर प्रयोग फसला, मागचा रस्ता मोकळाच राहतो. प्रत्येकानंतर लेखकाचा दावा आणि त्याला घातलेली अट न बघता लिहा. दावा बहुधा दोन्हीकडे येईल, अट कुठे गळते ते तपासा. मग परिच्छेदांची अदलाबदल करून घरातल्या दुसऱ्याकडून करवून घ्या, नाहीतर सोपा परिच्छेद नेमका उघड्याच्या वाट्याला आलेला असायचा.