भांड्यांचा टांगता रॅक : मागणी नोंदवण्यापूर्वी वाचावे

आमच्याकडे टांगत्या रॅकची मागणी नोंदवताना बहुतेक ग्राहक स्वयंपाकघराची उंची कळवतात, आणि ती जमिनीपासून डोळ्यांना दिसणाऱ्या छतापर्यंत मोजलेली असते. घरात फॉल्स सीलिंग नसेल तर हे माप पुरेसे आहे. फॉल्स सीलिंग असेल तर मात्र त्याचा उपयोग होत नाही, कारण रॅकचा भार ज्या स्लॅबवर येणार तो सीलिंगच्याही वर, कुठे वीतभर तर कुठे हातभर अंतरावर असतो. मग रॉड आखूड पडतात, कारागीर लावलेली शिडी तशीच उतरवून परत येतो आणि ग्राहकाला पुढच्या तारखेची वाट पाहावी लागते. हा प्रकार वारंवार घडत असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड साधारणपणे 12.5 मिमी जाडीचा असतो आणि पातळ पत्र्याच्या चौकटीवर स्क्रूने बसवलेला असतो. ही चौकट बोर्डाचे स्वतःचे वजन आणि फार तर हलके दिवे पेलण्यासाठी केलेली असते. बोर्डामागच्या पोकळीत फुलून बसणाऱ्या गिट्ट्या बाजारात मिळतात व त्यांच्या पाकिटावर वजनाचे आकडेही छापलेले असतात; परंतु असे आकडे बहुतेकदा भिंतीला टेकून राहणाऱ्या वस्तूंसाठी असतात. रॅकवरचा भार सरळ खाली ओढणारा असतो आणि भांडे काढता-अडकवताना त्याला रोज हिसके बसत राहतात. प्रथम हुकाभोवती रंगाला केसाएवढी गोल चीर पडते, नंतर बोर्ड तेवढ्याच जागी किंचित खाली फुगतो, आणि त्यानंतर बोर्डावरचा कागद फाटायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही कोणताही रॅक बोर्डाला बसवून देत नाही, ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर तसे करण्यास सांगितले तरीही नाही.

स्लॅबचे माप घेणे मात्र सोपे आहे. मेन स्विच बंद करून सीलिंगमधला एखादा गोल दिवा खाली काढावा आणि त्या भोकातून मोजपट्टी स्लॅबला टेकेपर्यंत वर सरकवावी. जमिनीपासून सीलिंगपर्यंत एक आणि सीलिंगपासून स्लॅबपर्यंत दुसरे, अशी दोन मापे आम्हाला स्वतंत्रपणे कळवावीत. त्यांची बेरीज करून पाठवू नये, कारण रॉडचा कोणता भाग झाकला जाणार हे आम्हाला बेरजेवरून कळत नाही. शक्य असल्यास भोकातून बॅटरीचा प्रकाश टाकून त्या पोकळीत वायरी, एसीचे पाइप किंवा एखादा बीम आडवा येतो का, तेही पाहून घ्यावे. रॅक बसवताना स्लॅबमध्ये फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारी धातूची नळी) ठोकून त्यातून 8 मिमीचा आटे पाडलेला रॉड खाली सोडला जातो आणि त्याच्या खालच्या टोकाला रॅकची साखळी अडकवली जाते. बोर्डातले भोक रॉडपेक्षा मुद्दाम मोठे ठेवून वरून चकती लावली जाते, म्हणजे बोर्डावर भार अजिबात येत नाही.

वजनाचा अंदाजही बहुधा कमीच बांधला जातो. 26 सेमी व्यासाचा बिडाचा पॅन सुमारे अडीच किलोचा असतो, आणि झाकणासह बिडाचे खोल भांडे पाच-सहा किलोंपर्यंत जाते. अशी दोन-तीन भांडी आणि स्टीलची चार-पाच पातेली टांगली की पंधरा किलो सहज भरतात, त्यात रॅकचे स्वतःचे वजन वेगळे. टांगायची भांडी टबात भरून घरच्या वजनकाट्यावर टब हातात धरून उभे राहावे आणि त्यातून आपले व टबाचे वजन वजा करावे. येणाऱ्या आकड्यात रॅकचे वजन मिळवून आम्ही त्याच्या चौपट भार गृहीत धरतो. काहींना हे अति वाटते; पण चार साखळ्यांची लांबी कधीच तंतोतंत सारखी नसल्यामुळे बराचसा भार प्रत्यक्षात समोरासमोरच्या दोनच साखळ्या उचलत असतात. रॅक बसल्यावर प्रत्येक साखळी बोटाने दाबून पाहावी. एखादी सैल लागली तर तिचा टर्नबकल (लांबी कमी-जास्त करणारा आटेदार जोड) फिरवून ती ताणून घ्यावी.

साखळ्या शक्यतो उभ्या असाव्यात. चारही साखळ्या एकाच हुकात गोळा केलेला रॅक दिसायला डौलदार असतो, पण साखळी ओळंब्यापासून 45 अंश कलली की तिच्यावरचा ताण सुमारे 1.4 पट होतो आणि 60 अंशांना दुप्पट. शिवाय एका बाजूची जड भांडी काढली की असा रॅक लगेच तिरका होतो. चार स्वतंत्र बिंदूंवर टांगलेला रॅक आम्ही म्हणूनच सुचवतो, जरी त्यासाठी छताला भोके जास्त पाडावी लागत असली तरी.

स्लॅबमधल्या भोकाची खोली काँक्रीटमध्ये मोजायची असते, गिलाव्याची जाडी त्यात धरायची नाही. 8 मिमीच्या रॉडसाठीच्या ड्रॉप-इन फास्टनरला 10 मिमी व्यासाचे व 30 मिमी खोल भोक लागते, आणि त्यातली धूळ फुंकून काढली नाही तर फास्टनर नीट फुलत नाही. ड्रिलचा आवाज बदलून ते पुढे सरकेनासे झाले तर सळई लागली आहे असे समजावे आणि जोर न लावता जागा बदलावी. प्लास्टिकच्या गिट्ट्या छतासाठी वापरू नयेत. त्या घर्षणावर धरून असतात आणि सततच्या खालच्या ओढीने हळूहळू सरकतात. लाकडी छत असल्यास आटेदार हूक तुळईच्या मधोमधच, आधी बारीक भोक पाडून बसवावा. दोन तुळयांमधल्या फळीला नव्हे.

उंची ठरवताना रॅककडे नव्हे, तर सर्वांत लांब भांड्याच्या तळाकडे पाहावे. 26 सेमीचा फ्रायपॅन दांड्यासह साधारण 45 सेमी लांब असतो. त्यात हुकाची लांबी धरली की तळ रॅकच्या अर्धा मीटरहून खाली येतो. म्हणजे दोन मीटर उंचीवरच्या रॅकमधला पॅन बरोबर चेहऱ्यासमोर लटकतो. खाली ओटा असेल तर अडचण नाही, येण्याजाण्याची वाट असेल तर कपाळमोक्ष ठरलेलाच. दुसरी मर्यादा रोज स्वयंपाक करणाऱ्या सर्वांत बुटक्या व्यक्तीच्या हाताची. भांडे हुकातून सोडवताना आणखी पाच-सहा सेंटिमीटर वर उचलावे लागते, तेव्हा नुसता हात पोहोचणे पुरत नाही. या दोन्ही मर्यादा एकत्र बसत नसतील, विशेषतः छत बुटके असेल, तर भिंतीवरची दांडी अधिक सोयीची. ती आम्ही हव्या त्या लांबीत करून देतो. भिंत हलक्या एएसी ब्लॉकची असल्यास तेवढे आधी सांगावे, कारण तिला वेगळ्या, लांब गिट्ट्या लागतात.

शेगडीच्या बरोबर वर रॅक घेऊ नये. तेलकट वाफ भांड्यांच्या तळाशी बसून चिकट थर होतो आणि भांडे काढण्यासाठी पेटत्या ज्योतीवरून हात न्यावा लागतो. कपाटांची दारे पूर्ण उघडून पाहणे हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

धातूविषयी एवढेच की, चुंबक चिकटत नाही म्हणून स्टील 304 प्रतीचे, म्हणजे सहसा न गंजणारे, असे समजू नये. स्वस्त 202 प्रतीलाही ते सहसा चिकटत नाही. दमट हवेत फरक काही महिन्यांत तांबूस ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागतो. पावडर कोटिंगचा रॅक घेतल्यास हुकांच्या घर्षणाने दांडीवरचा रंग कधी तरी उडणार, हे गृहीत धरावे. आमचे हूक वरच्या टोकाला जवळजवळ बंद असतात, जेणेकरून भांडे काढताना हूकच हातात येऊ नये.

मागणीसोबत वर सांगितलेली दोन मापे, भांड्यांचे एकूण वजन आणि नियोजित जागेचा छतासह एक फोटो पाठवावा. रॉड आम्ही ही माहिती मिळाल्यानंतरच कापतो, आणि दिलेल्या मापाने एकदा कापलेले रॉड परत घेतले जात नाहीत.