आत्मपरीक्षण (ख्रिस्ती साधना)

दिवसभरातले आपले विचार, बोलणे, कृती आणि करायचे राहून गेलेले काम देवासमोर मांडून ते पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) निकषावर पारखणे, याला ख्रिस्ती परंपरेत आत्मपरीक्षण म्हणतात. मराठी मंडळ्यांत (चर्चच्या सभासद-समूहांत) ‘आत्मपरीक्षा’ हा शब्दही चालतो. कॅथलिकांत ते प्रायश्चित्त संस्काराच्या, म्हणजे पुरोहितापुढे पापनिवेदन करण्याच्या, तयारीचा भाग असते, तर प्रोटेस्टंटांत मुख्यतः प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या.

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत या विषयाची शब्दसंपत्ती दुहेरी असते. चर्चमध्ये कानावर पडते ते हिंदी ‘मन फिराओ’, घरच्या मराठी शास्त्रात त्याच जागी असते ‘पश्चात्ताप करा’. मूळ ग्रीक ‘मेटानोइया’चा अर्थ मनाची दिशा बदलणे असा असल्याने इथे हिंदी शब्द मुळाच्या जास्त जवळचा आहे. मराठीत ‘मन फिरले’ म्हटले की भलताच अर्थ निघतो, म्हणून तो शब्द आपल्याकडे रुळणे अवघडच. पण ‘पश्चात्ताप’ या शब्दाने वाईट वाटण्यावर भर राहतो आणि वळण्याचा भाग मागे पडतो. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी इथूनच सुरू होतात.

कसोटीचा अर्थ

प्रेषित पौल करिंथकरांना लिहिताना भाकर खाण्यापूर्वी माणसाने आपली परीक्षा करावी असे सांगतो (१ करिंथ ११:२८), आणि पुढच्या पत्रात आपण विश्वासात आहोत की नाही हे पारखा म्हणतो (२ करिंथ १३:५). दोन्ही ठिकाणचे ग्रीक क्रियापद, ‘दोकिमाझो’, धातू आणि नाणी पारखण्यासाठीही वापरले जाई. स्तोत्र १३९ च्या शेवटी कवी देवाला आपल्याला कसोटीला लावायची विनंती करतो.

कसोटी म्हणजे काय, हे इंदूरकराला समजावून सांगावे लागू नये. संध्याकाळी सराफ्यात खाऊच्या गाड्या लागण्याआधी तिथे सोन्याचाच व्यवहार चालतो. कसोटीच्या गुळगुळीत काळ्या दगडावर दागिना घासून सोनार एक बारीक रेघ उमटवतो, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब टाकतो. हिणकस रेघ फिकी पडते किंवा विरून जाते. आता यंत्रे आली, हॉलमार्क आला. पण या साधनेतले मर्म त्या दगडातच दिसते. तुलना ठाऊक सोन्याशी होते, शेजारच्या गिऱ्हाइकाच्या बांगडीशी नाही. आणि पारखायला रेघभर सोने पुरते, अख्खा दागिना वितळवावा लागत नाही. आत्मपरीक्षणही असेच एका लहानशा, नेमक्या प्रसंगाचे असते. ‘मी मुळात कसा आहे’ असल्या प्रश्नाला हात घातला की माणूस मुशीत उतरतो आणि हाती काही लागत नाही.

परंपरा

कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले, त्यामुळे त्याआधीची तपासणी सर्वसामान्यांच्या आयुष्यात आली. जेझुइट संघाचा संस्थापक असलेल्या लोयोलाच्या इग्नेशियसने (१४९१–१५५६) तिला रोजची शिस्त दिली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत वेगळी वाट सुचवली: दहा आज्ञा समोर ठेवा आणि आपण बाप, आई, मुलगा, मुलगी, मालक, नोकर यांपैकी जे कोणी असू त्या नात्याने स्वतःला तपासा. एकत्र कुटुंबात ही पद्धत फार नेमकी बसते, कारण एकच बाई सकाळी सून असते, दुपारी शाळेत शिक्षिका आणि रात्री आई, आणि प्रत्येक नात्यातली चूक वेगळी असते. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीच्या १७३८ च्या नियमांनुसार लहान गट आठवड्यातून एकदा भेटत. मागच्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली, आणि कशाविषयी ‘हे पाप की नाही’ असा संशय आहे, हे तिथे एकमेकांना विचारले जाई.

इंदूरमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये काम सुरू केले; इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चे. या मिशनचे मूळ असलेल्या स्कॉटिश परंपरेत प्रभुभोजनाआधी तयारीची स्वतंत्र उपासना असे, आणि मंडळीचे वडील (निवडलेले ज्येष्ठ पुढारी) तयारी केलेल्यांना धातूचे बिल्ले देत. बिल्ला दाखवला की मेजाजवळ जागा मिळे.

रोजची रीत

इग्नेशियसच्या पद्धतीचे पाच टप्पे आहेत आणि सगळ्यांना मिळून पंधरा मिनिटे पुरतात. आधी आभार. मग, जे आहे ते दिसू दे अशी प्रार्थना. तिसऱ्या टप्प्यात उठल्यापासूनचा दिवस तासातासाने आठवायचा. त्यानंतर क्षमायाचना, आणि शेवटी उद्यासाठी एक निश्चय.

पंधरातली सात-आठ मिनिटे तिसऱ्या टप्प्याला द्यावीत, पण पहिला टप्पा कधीही गाळू नये. या साधनेत देवाची दया आधी आणि हिशेब नंतर असा क्रम आहे. श्रीमंत जकातदार जक्कयाच्या गोष्टीत (लूक १९) येशू त्याच्या घरी उतरतो तेव्हा जक्कयाने एक पैही परत केलेली नसते. चौपट परत करण्याची भाषा तो नंतर बोलतो. इंदूरच्या बिशपच्या प्रदेशातच याचे अलीकडचे उदाहरण आहे. उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली, आणि त्याचा पश्चात्ताप या भावाबहिणीच्या नात्यात पुढे गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

वेळ शक्यतो जेवणाआधीची निवडावी. अंथरुणात पडून तपासणी केली तर ती दुपारपर्यंत पोचण्याआधीच झोप लागते.

वही

ठरावीक दोष काढण्यासाठी इग्नेशियसने ठिपक्यांची रीत दिली आहे. एका वेळी एकच दोष घ्यायचा. आठवड्याच्या पानावर प्रत्येक दिवसासाठी दोन आडव्या रेघा मारायच्या. सकाळी उठताच त्या दोषाविरुद्ध सावध राहायचे ठरवायचे. दुपारी जेवणानंतर पहिल्या रेघेवर, रात्री जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके द्यायचे. मध्ये घसरल्याचे ध्यानात आले की छातीवर हात ठेवायचा. आजूबाजूच्यांना काही कळत नाही आणि आपल्याला नोंद राहते. मग रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजची कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

समजा दोष आहे तो घरच्यांशी तुसडेपणाने बोलण्याचा. सोमवारी दुपारी दोन ठिपके, रात्री सात. मंगळवारी एक आणि सहा. तीन-चार दिवसांत दिसू लागते की बहुतेक ठिपके संध्याकाळी दुकान बंद करून घरी आल्यावरच्या अर्ध्या तासात पडतात. मग निश्चय ‘मी प्रेमळ होईन’ असा करायचा नसतो. ‘घरी आल्यावर हातपाय धुऊन चहा होईपर्यंत पैशांचा विषय काढणार नाही’ असा करायचा. पहिल्या आठवड्यात ठिपके बहुधा वाढतातच. दोष वाढला असे त्यातून ठरत नाही. नजर बसू लागलेली असते. म्हणून निदान तीन-चार आठवडे तोच दोष ठेवावा, मधेच बदलू नये.

नोंद क्रियापदात लिहावी. ‘मी अहंकारी आहे’ ही नोंद निरुपयोगी. ऐकायलाही ती बरी वाटते. ‘मंडळीच्या बैठकीत दुसऱ्याची सूचना माझी म्हणून सांगितली’ ही नोंद बोचते, आणि त्यावर काय करायचे तेही तिच्यातच आहे. ‘आम्हां सर्वांकडून’ असे अनेकवचन आले की समजावे, माणूस गर्दीत लपतो आहे.

भरपाई

दुसऱ्याचे नुकसान झाले असेल तर देवाची क्षमा मागून विषय मिटत नाही. वेदीपाशी नैवेद्य ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, अशी येशूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३-२४). पैसे घेतले असतील तर पैसे परत, खोटे चारचौघांत बोललो असू तर खुलासाही चारचौघांत. माफी मागताना कारण जोडू नये. ‘चुकलो, पण त्या दिवशी तू सुद्धा’ म्हटले की ‘पण’च्या आधीचे सगळे वाया जाते. मात्र समोरच्याला ठाऊकही नसलेला मनातला मत्सर त्याच्यापुढे ओतून आपले मन हलके करणे ही भरपाई नव्हे. तो देवापुढे किंवा पाळकापुढे मांडावा.

कुठे बिघडते

सर्वांत जुना बिघाड दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजण्याचा. लूक १८ मधला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) मंदिरात प्रार्थनाच करतो, पण त्याचा कसोटीचा दगड म्हणजे दूर उभा असलेला जकातदार. कुसळ आणि मुसळ ही जोडी मराठी वाचकाला म्हणीतूनही ठाऊक आहे आणि शास्त्रातूनही (मत्तय ७:३-५); तरी प्रवचन ऐकताना ‘हे आमच्या वहिनींनी ऐकायला हवे होते’ असे मनात येतेच. नवराबायकोने एकमेकांच्या वह्या भरणे हा त्याच बिघाडाचा घरगुती प्रकार.

याच्या उलट टोकाला मनाची अखंड कुरतड असते. एकच पाप पुन्हा पुन्हा सांगणे, क्षमा मिळाली की नाही याची शंका, कबुली पुरेशी झाली नाही असे वाटणे. इग्नेशियस स्वतः १५२२ मध्ये मानरेसा इथे या अवस्थेतून गेला. जीव द्यावा असेही त्याच्या मनात येई. अशा माणसाने तपासणी वाढवायची नसते, कमी करायची असते: पाच मिनिटांची मर्यादा, एकच सल्लागार, आणि एकदा सांगितलेले पुन्हा न सांगणे. शंकेपायी हात धुणे, मोजणे, प्रार्थना पहिल्यापासून म्हणणे असे सुरू झाले तर तो मंत्रचळ असू शकतो, आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतो. खोल नैराश्यातही ठिपक्यांची वही बंद ठेवून फक्त आभाराचा टप्पा करावा.

ज्याच्यावर अन्याय झाला आहे, घरात मारहाण होते आहे, त्याने किंवा तिने दुसऱ्याचा गुन्हा आपल्या वहीत लिहू नये. ‘माझेच काहीतरी चुकले असेल’ ही नम्रता नव्हे, खोटी नोंद आहे. आणि पाळकाने तिला दुजोरा देणे त्याहून वाईट.

वाढ कशी ओळखावी

दोष कमी होणे ही अर्धीच बाजू. दुसऱ्या बाजूला पौलाने सांगितलेले आत्म्याचे फळ आहे (गलती ५:२२-२३): प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. गुण नऊ असले तरी ग्रीकमध्ये ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे, म्हणून त्यांतला एक वाढतो आणि दुसरा सुकतो असे झाले तर संशय घ्यावा. उपवास कडक झाला आणि त्याबरोबर बोलणेही, तर इंद्रियदमन वाढले असे धरू नये. ही वाढ रोज मोजता येत नाही. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला आणि ईस्टरनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा मागची पाने चाळणे पुरते. स्वतःपेक्षा घरातल्यांना ती आधी दिसते, म्हणून विश्वासातल्या एका माणसाला विचारावे, आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये.

पुरोहिताला पापनिवेदनातले काहीही कोणापुढे उघड करता येत नाही. वहीला तसे संरक्षण नसते. दोन खोल्यांच्या घरात ती कोणाच्याही हाती लागू शकते, म्हणून दोषाचे नाव न लिहिता एखादे अक्षर किंवा खूण वापरावी, दुसऱ्यांची नावे मुळीच लिहू नयेत, आणि वर्षातून दुसऱ्यांदा चाळून झाली की पाने फाडून टाकावीत.