गुण नवा, पदार्थ जुना : अतिवाहकांच्या पेटंटचा वाद

जळगाव-धुळ्याकडच्या सेंटरमध्ये एमआरआयसाठी आत सरकवलेल्या पेशंटभोवती बहुधा निओबियम-टायटॅनियमच्या तारेचे चुंबक असते. द्रव हेलियममध्ये, ४.२ केल्विनला (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस), ही तार अतिवाहक म्हणजे सुपरकंडक्टर होते, विजेला रोधच करत नाही. हेलियम महाग. म्हणून एवढी थंडी न लागणाऱ्या सुपरकंडक्टरचा शोध आणि त्यामागोमाग पेटंटची भांडणे.

२००१ मध्ये जपानच्या जुन अकिमित्सू यांच्या गटाने मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिवाहक होते, असे जाहीर केले. हे संयुग १९५० च्या दशकापासून ठाऊक होते, रसायनांच्या दुकानात विकतही मिळायचे. ते इतके थंड करून रोध मोजायचे कुणाला सुचले नव्हते, इतकेच! त्याआधी १९८६ मध्ये आयबीएमच्या बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना ज्या बेरियम-लँथेनम-तांब्याच्या ऑक्साइडात अतिवाहकता सापडली, तसली ऑक्साइडे फ्रान्समधल्या कां शहरात मिशेल आणि राव्हो यांनी आधीच बनवलेली होती. नोबेल मात्र पहिल्या दोघांना, १९८७ मध्ये. नोबेलला पदार्थ जुना असला तरी चालतो, पेटंटला चालत नाही.

अमेरिकेत १९८५ च्या टायटॅनियम मेटल्स खटल्यात हे स्पष्ट झाले. मिश्रधातू गंजत नाही हा गुण अर्जदारांनी शोधला होता, पण तोच मिश्रधातू एका जुन्या रशियन लेखातल्या आलेखावर होता. न्यायालयाने मिश्रधातूवरचा हक्क नाकारला. युरोप जरा सैल: तिथे ओळखीच्या पदार्थाचा नवा उपयोग पेटंटला पात्र ठरू शकतो.

आपला १९७० चा कायदा सर्वांत कडक. कलम ३(ड) नुसार ठाऊक असलेल्या पदार्थाचा नवा गुण किंवा नवा उपयोग नुसता सापडला, तर तो शोध मानलाच जात नाही. ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या २०१३ च्या निकालामुळे हे कलम गाजले, पण त्या वादात मुद्दा पदार्थाच्या नव्या रूपाचा होता. हळदीचे उदाहरण इथे हमखास दिले जाते, ते मला पटत नाही. हळदीने जखम भरण्यावरचे ते अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण तो गुणच जुना, आधीपासून ठाऊक होता.

उद्या जळगावच्या विद्यापीठात कुणाला कपाटातल्या एखाद्या जुन्या संयुगात अतिवाहकता सापडली, तर त्या संयुगावर भारतात हक्क मिळणार नाही. त्या ठिसूळ संयुगाचे चूर्ण धातूच्या नळीत भरून लांब तार ओढण्याची नवी रीत शोधली, तर त्या रीतीसाठी अर्ज करता येईल.