करवंटीच्या कोळशापासून फिल्टर पॅडपर्यंत

कोकणात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: समुद्र दारात असताना पाणी स्वच्छ ठेवायला विकतचे पॅड कशाला? प्रश्न रास्त आहे. टाकीत समुद्राचेच पाणी ओतले तरी त्याचा समुद्राशी संबंध त्या क्षणी तुटतो. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि कुजणाऱ्या शेवाळातून जे पाण्यात उतरते त्याला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे ते साठत जाते. शिवाय किनाऱ्यालगतचे पाणी बारा महिने एकसारखे नसते. खुल्या समुद्रात एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पण जून ते सप्टेंबर या काळात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांचे गोडे पाणी तांबडी माती घेऊन खाड्यांमधून बाहेर लोटते, तेव्हा धक्क्यावरून भरलेले पाणी टाकीच्या उपयोगाचे राहत नाही. ज्या चार महिन्यांत पाणी बदलणे सर्वांत अवघड, त्याच चार महिन्यांत टाकीतले पाणी टिकवून धरण्याची गरज सर्वांत जास्त असते. रासायनिक पॅडचे इथले स्थान समजून घ्यायचे तर आधी ही अडचण ध्यानात घ्यावी लागते.

रासायनिक पॅड म्हणजे कृत्रिम धाग्यांची न विणलेली जाड गादी, जिच्या धाग्यांमध्ये सक्रिय कोळसा, आयन-विनिमय करणारी (म्हणजे पाण्यातले काही विद्युतभारित कण धरून बदल्यात दुसरे सोडणारी) राळ किंवा फॉस्फेट धरणारे लोहाचे वा ॲल्युमिनियमचे संयुग बसवलेले असते. साधा स्पंज फक्त कचरा अडवतो. या पॅडकडून मात्र पाण्यात विरघळलेले पदार्थ काढून घेण्याची अपेक्षा असते. यातला एकही घटक मुळात माशांसाठी शोधलेला नाही. प्रत्येक घटक दुसऱ्या कुठल्या तरी उद्योगातून उसना आला आणि येताना त्या उद्योगाच्या मर्यादाही घेऊन आला. खाऱ्या पाण्यात त्यातले काही चालले, काही सपशेल फसले.

घरात समुद्री जीव ठेवण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रुजली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० च्या सुमारास वनस्पती आणि प्राणी यांचा समतोल साधून बंद भांड्यातले पाणी टिकवता येते असे दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि त्यात पुढाकार घेणाऱ्या फिलिप हेन्री गॉस याने समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्री पाण्याचे सूत्रही मांडले. या काळात पाणी रसायनांनी शुद्ध करण्याची कल्पना नव्हती. विल्यम आल्फर्ड लॉइड याने १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयासाठी जी व्यवस्था उभी केली, तिचा भर जमिनीखालच्या मोठ्या अंधाऱ्या हौदांवर होता. टाक्यांतले पाणी हौदात उतरायचे, तिथे गाळ खाली बसायचा, आणि ते पुन्हा वर चढवले जायचे. आजही भरतीच्या वेळी, पाणी सर्वांत स्वच्छ असताना, वीस लिटरचे कॅन फडक्यातून गाळून भरून आणणारा आणि ते आठवडाभर झाकून अंधारात ठेवणारा मालवणचा हौशी माणूस नकळत लॉइडचीच पद्धत पाळत असतो.

गढूळ पाणी निवळण्याचे ज्ञान आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुने आहे. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करण्याच्या साधनांत कतक म्हणजे निवळीचे बी आहे आणि वस्त्रही आहे. परंतु निवळी काय, तुरटी काय, त्या तरंगणारा गाळ खाली बसवतात; विरघळलेल्या पदार्थांशी त्यांचा फारसा संबंध नसतो. विरघळलेले द्रव्य ओढून घेण्याचा कोळशाचा गुण युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस नीट लक्षात आला. सेंट पीटर्सबर्ग येथील टोबियास लोव्हिट्झ याने १७८५ मध्ये लाकडी कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे नोंदवले, आणि काही वर्षांतच साखर कारखानदारांनी ते उचलले. तपकिरी रस पांढरा करण्यासाठी आधी लाकडी आणि पुढे हाडांचा कोळसा वापरात आला. मत्स्यालयाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे, कारण जुन्या टाकीच्या पाण्याला चढणारा पिवळसर रंग आणि साखरेच्या रसाचा रंग हे दोन्ही सेंद्रिय पदार्थांचेच असतात, आणि कोळसा दोन्ही ठिकाणी तेच काम करतो.

कोळसा वाफेने किंवा रसायनांनी 'सक्रिय' करण्याचे स्वामित्वहक्क राफाएल फॉन ऑस्ट्रेय्को याने १९०० च्या सुमारास घेतले, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांमुळे या कोळशाला एकाएकी प्रचंड मागणी आली. नारळाच्या करवंटीला तेव्हाच मोल आले. करवंटीचा कोळसा टणक असतो, त्याची भुकटी कमी होते आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रे भरपूर असतात; म्हणून १९१८ मध्ये अमेरिकेत नागरिकांकडून फळांच्या बिया आणि करवंट्या गोळा करण्याची मोहीमच निघाली होती. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला ५०० ते १५०० चौरस मीटर इतका आतला पृष्ठभाग असतो, आणि पाण्यातले सेंद्रिय रेणू त्या पृष्ठभागावर चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. आपल्याकडे ज्या करवंट्या बंबात जातात, त्याच जातीच्या करवंटीचा दाणेदार कोळसा परदेशी वेष्टनात परत येतो, हे पाहून थोडे वाईट वाटते खरे.

दुसरा घटक आयन-विनिमयाचा. त्याची सुरुवात शेतीत झाली. १८५० मध्ये एच. एस. थॉम्पसन आणि जे. टी. वे या इंग्रजांनी मातीतून अमोनियाचे द्रावण सोडले असता माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते असे दाखवले. त्यातून पाणी मृदू करणारे कृत्रिम झिओलाइट, म्हणजे अशीच अदलाबदल करणारे सच्छिद्र खनिज, आले, आणि १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी पहिली कृत्रिम विनिमय-राळ तयार केली. गोड्या पाण्याच्या टाकीत अमोनिया काढायला झिओलाइटचे खडे उत्तम चालतात, म्हणून खाऱ्या पाण्यातही ते चालतील असे अनेकांनी गृहीत धरले. तसे होत नाही. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे १०.८ ग्रॅम सोडियम असते. खड्यातल्या सगळ्या जागा सोडियमच बळकावते आणि अमोनियाला जागा उरत नाही. गोड्या पाण्यात अमोनिया भरून घेतलेला खडा मिठाच्या पाण्यात बुडवला तर अमोनिया सोडून देतो. किंबहुना तो खडा पुन्हा वापरण्याजोगा करण्याची रूढ रीत हीच आहे. दुकानदाराने अमोनियाचे पॅड पुढे केले, तर ते खाऱ्या पाण्यासाठी आहे की नाही, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

खाऱ्या पाण्याची टाकी सामान्य घरात आली ती १९६० च्या दशकात. लोखंडी चौकटी गंजत, म्हणून सिलिकॉनने जोडलेल्या काचेच्या टाक्या आल्या. कृत्रिम समुद्री मीठ पाकिटातून मिळू लागले. इंडोनेशियात ली चिन एंग यांनी जिवंत खडक (समुद्रातून जिवाणू आणि बारीक जीवांसह आणलेला खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले. जर्मनीत फेसातून सेंद्रिय द्रव्य बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर प्रचारात आला. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांनी गाळण्याचे यांत्रिक, जैविक आणि रासायनिक असे भाग नीट समजावून सांगितले. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे मुख्य काम जिवाणूंचे, आणि रासायनिक साधने त्यांच्या मदतीला, ही समज तेव्हापासून पक्की झाली. कोळसा आणि राळ सुट्या दाण्यांऐवजी पॅडमध्ये बसवून विकण्याची पद्धत या मांडणीच्या पाठोपाठ वाढली. पॅड कात्रीने हवे तसे कापता येते, पंपात दाणे जात नाहीत, आणि काढून टाकायला ते सोपे असते.

कोकण किनाऱ्यावर मात्र सार्वजनिक मत्स्यालये या लाटेच्या आधीची आहेत. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ चे. आज ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे आणि तेथील मत्स्यालय पाहिल्यावाचून रत्नागिरीची शाळकरी सहल सहसा पुरी होत नाही.

घरगुती टाकीत पॅडचा सर्वांत स्पष्ट उपयोग तांब्याच्या बाबतीत दिसतो. समुद्री माशांना होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर पाण्यात तांब्याचे औषध देतात, त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावे लागते. एवढे तांबे माशाला सोसते. पण झिंगा, शंख, समुद्रफूल किंवा प्रवाळ यांना ते मारक ठरते. उपचार संपल्यावर पाण्यातले तांबे काढायला अमेरिकन बनावटीचे पॉली-फिल्टर नावाचे पॅड विशेष गाजले, कारण ते रंग बदलते. दुधासारखे पांढरे पॅड सम्पमध्ये, म्हणजे गाळणीसाठी मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या टाकीत, ठेवले की सेंद्रिय पदार्थांनी ते तपकिरी आणि अखेर काळपट होते, तर तांबे धरले की त्यावर निळसर-हिरवी झाक येते. टाकीत काही बिघडले आहे असा नुसता संशय असतानाही ही झाक पुष्कळ काही सांगून जाते. पंपाच्या आतला एखादा धातूचा भाग उघडा पडल्याचे अशा पॅडवरूनच कळू शकते. तरीही औषधाची टाकी वेगळी ठेवावी हे बरे, कारण खडक आणि वाळू यांत मुरलेले तांबे पुढे बराच काळ झिरपत राहते.

फॉस्फेटचा प्रश्न कोकणात अधिक जवळचा आहे. मासे आणि समुद्रफुले यांना आपल्याकडे बाजारातली करंदी, कोळंबीचे तुकडे किंवा तिसऱ्यांचे मांस घातले जाते. ते खाद्य उत्तम. पण त्यातून फॉस्फेट पाण्यात येतेच, आणि कारखान्यात गोठवलेल्या कोळंबीवर पाणी धरून राहावे म्हणून अनेकदा फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे ती वितळल्यावर सुटलेले पाणी टाकीत ओतणे म्हणजे शेवाळाला खत घालणे होय. कोळसा फॉस्फेट धरत नाही. त्यासाठी वापरले जाणारे दाणेदार लोह हायड्रॉक्साइड १९९० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक काढण्यासाठी विकसित झाले. आर्सेनेट (पाण्यात आढळणारे आर्सेनिकचे रूप) आणि फॉस्फेट यांची रचना सारखी असल्याने ते लवकरच मत्स्यालयात शिरले. यामागचे रसायन कोकणातल्या शेतकऱ्याला परके नाही. जांभ्या जमिनीत घातलेले स्फुरद, म्हणजे फॉस्फेटचे खत, लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांना घट्ट चिकटते आणि भाताला मिळत नाही, ही तक्रार इथे जुनीच आहे. जमिनीत जो दोष, तोच फॉस्फेटच्या पॅडमध्ये गुण ठरतो. अर्थात म्हणून अंगणातला जांभा सम्पमध्ये टाकू नये: त्यात मातीही असते आणि इतर धातूही.

पॅडवरचा भार वाढण्याला एक कायदेशीर कारणही आहे. २००१ मध्ये सर्व खडकाळ प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, आणि मालवणचा काही सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहेच. किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलून आणण्याचा मार्ग बंद झाला, आणि तो बंद राहणेच योग्य आहे. त्याच्या जागी येणारा सुका किंवा सिमेंटचा खडक मात्र सुरुवातीला जिवाणूंविना कोरा असतो आणि सुका खडक पुष्कळदा साठलेले फॉस्फेट सोडतो. अशी टाकी बसेपर्यंतच्या महिन्यांत पॅडची मदत सर्वाधिक लागते. जिवाणू स्थिरावल्यावर ती कमी करता येते.

अतिरेकाचे तोटेही नोंदले गेले आहेत. पिवळे पाणी कोळशाने एकदम नितळ केले की दिव्याचा प्रकाश अचानक खोल पोहोचतो आणि प्रवाळ फिके पडू शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिग्नाइटच्या कोळशाचा मोठा मारा केल्यावर सर्जनफिश जातीच्या माशांच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर व्रण उमटले. फॉस्फेट शून्यावर नेले तर प्रवाळांचीही उपासमार होते. म्हणून नवे पॅड आरओच्या पाण्यात खळबळून, आधी स्पंज आणि मग पॅड अशा क्रमाने, टाकीच्या मापापेक्षा लहान तुकड्यानेच सुरू करावे, आणि फॉस्फेटचे पॅड रंगावरून नव्हे तर चाचणी संचावर आकडा पुन्हा वर सरकू लागला की बदलावे. भरलेले पॅड धुऊन परत वापरता येत नाही. गाळ निघतो, पण आत धरलेले द्रव्य तिथेच राहते.