मोगरा

मोगरा : ओलिएसी म्हणजे पारिजातक कुळातील सदाहरित झुडूप, मूळचे दक्षिण आशियातले. शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. त्यातला ‘सॅम्बॅक’ हा अरबी ‘झन्बक’वरून आलेला शब्द. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये मोगरा प्राजक्ताच्याच प्रजातीत घातला होता. १७८९ मध्ये दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ एटन यांनी तो जाई-जुईंच्या प्रजातीत आणला. जाई-जुईचे पान संयुक्त असते, मोगऱ्याचे साधे, अखंड आणि बहुधा जोडीने येणारे. फिलिपीन्सचे हे राष्ट्रीय फूल आहे. मदुराईच्या मोगऱ्याला भौगोलिक मानांकन आहे.

एकेरी मोगऱ्याचा वास मोकळा असतो. बटमोगऱ्याची कळी गोल आणि गच्च, म्हणून गजऱ्यात तीच शोभते. मदनबाण या प्रकाराची कळी लांबट असते. बी क्वचितच धरत असल्याने लागवड छाटकलमाने किंवा दाबकलमाने (फांदी मातीत दाबून, मुळे फुटल्यावर वेगळी करून) करतात. पावसाळ्याच्या तोंडी बोटाएवढ्या जाडीची नव्हे, पेन्सिलीएवढी, अर्धवट पिकलेली, वीतभर लांबीची काडी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि दोन डोळे (फुटवा येणारी पेरे) मातीत जातील अशी खोचावी. पाणी साचणाऱ्या जागेत मोगरा तग धरत नाही. उन्हाचे तर बोलायलाच नको : दिवसाकाठी पाच-सहा तास लख्ख ऊन मिळाले नाही, तर झाड हिरवेगार होते पण फुलत नाही. सावलीतल्या गॅलरीतल्या कुंड्यांचे बहुधा हेच होते.

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते. सारी निगा या एका गोष्टीभोवती फिरते. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, महिनाअखेरीस किंवा जानेवारीत जमिनीपासून दीड फुटावर छाटणी करायची, वाळक्या आणि आत गुंतलेल्या काड्या मुळातून काढायच्या, उरलेली पानेही हाताने ओरबाडायची. मग आळे हलके खांदून चार दिवस उघडे ठेवायचे, कुजलेले शेणखत घालायचे आणि भरपूर पाणी द्यायचे. हिरव्या झाडावर कात्री चालवताना हात अडखळतो, हे खरे. पण न छाटलेला मोगरा लांबच लांब काड्या फेकत राहतो आणि फुले मोजकीच देतो. छाटलेल्या काडीच्या पेरापेराशी आधी तांबूस-पोपटी ठिपका दिसतो, मग त्याचा फुटवा होतो. फाल्गुन-चैत्रात त्याच्या टोकाला तीन-तीन कळ्यांचे झुबके लागतात. मधली कळी आधी उमलते. फूल खुडल्यावर त्याच्या खालचा शेंडा जोडपानावर कापला, की तिथून पुन्हा दोन फुटवे येतात. बहर पावसापर्यंत चालतो.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण. चुनखडीच्या जमिनीत ते नेहमीचे आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून फवारल्यावर पाने सुधारतात. कळी पोखरणारी अळी अधिक त्रासदायक : कळीला बारीक भोक पडते, ती जांभळट होते आणि जाळीने शेजारच्या कळीला चिकटते. अशा कळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात, झाडाखाली पडू देऊ नयेत. उन्हाळ्यात पानांच्या खालच्या अंगाला लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड येते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड या भागांतले आदिवासी शेतकरी मुंबईच्या बाजारासाठी मोगरा लावतात. तोडणी पहाटे, ऊन चढण्याआधी होते. कळी पूर्ण भरलेली, पांढरीशुभ्र पण मिटलेली हवी. हिरवट तोडली तर उमलत नाही, उमललेली तोडली तर बाजारात पोचेपर्यंत मलूल होते. सकाळी खुडलेली ही कळी संध्याकाळी फुलते, म्हणून गजरा दुपारीच ओवून ओल्या फडक्यात ठेवतात. चीनमध्ये फुजौ येथे याच सवयीचा उपयोग करून, रात्री उमलणाऱ्या कळ्यांमध्ये चहाची पत्ती मिसळून ती सुगंधित करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात माठात वाळ्याच्या जुडीबरोबर चार-पाच फुले सोडतात. ती सकाळी काढून टाकायची, नाहीतर पाण्याला कुजका वास लागतो.